अधिक चार अंश

पहिलं पत्र आलं तेव्हा मनाम्यात ऑगस्ट होता,
दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्मा धुरकट होणारा.
रेफ्रिजरेटेड कंटेनर, चाळीस फुटी, नग बारा,
गरज पडल्यास.

मी सित्र्याच्या कोल्ड स्टोरेजचा हिशेबनीस.
मूळ हर्णैचा. लिलावाच्या बर्फात बोटं बधिर करत वाढलो,
थंडीची भाषा मला कळते.
कोळंबी उणे अठरा,
आइस्क्रीम उणे बावीस,
दूध, कोथिंबीर, लशी अधिक चार.
त्यांनी अधिक चार लिहिलं होतं.
खाली बारीक अक्षरात:
आत फळ्या हव्यात, तीन थर,
लांबी साडेसहा फूट, रुंदी दोन.
तळाला पाणी निघून जायला वाट.
हूक नकोत.

साडेसहा फुटी कोथिंबीर कुठं पिकते रे,
थंकाचननं विचारलं.
हसलो.
मग बराच वेळ दोघंही भिंतीवरच्या एसीकडे बघत बसलो.

दर काढून पाठवले. तळाला आमची नेहमीची ओळ:
हे दर तीस दिवसांपुरते.

पाहणीला एक बाई आल्या, कंत्राट विभागाच्या.
स्वतः टेप धरून दार मोजलं, गुडघ्यावर बसून मोरी पाहिली,
चहाला थांबल्या. मुलाचा फोटो दाखवला, दात पडलेला.
म्हणाल्या, आम्ही सगळ्याचाच आराखडा करतो,
पुराचा करतो, साथीचा करतो,
आराखडा केला म्हणजे ते होतंच असं नाही.
मला पटलं.
आमच्या आईनं कफनाचं कापड
ज़मज़मच्या पाण्यातून काढून, वाळवून
ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं,
आणि त्यावर चौदा वर्षं जगली,
दर दिवाळीच्या सुट्टीत ट्रंक उन्हात घालायची.

पण ते कापड तिनं
स्वतःच्या मापाचं आणलं होतं.
हे मला बाईंची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर सुचलं.

दुसरं पत्र सप्टेंबरअखेर. बाराचे चाळीस झाले होते.
गरज पडल्यास होतंच,
आणि घासाघीस होती:
तीन टक्के सोडा, डिझेल तुमचं,
उतरवणावळ दोघांत अर्धी अर्धी.
अब्दुलरसूल शेठ फोनवर दिनार दिनारला भांडले,
आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.
जोवर कुणी तीन टक्क्यांसाठी अडून बसलंय
तोवर कुठल्याशा लांबच्या खोलीत
कुणीतरी अजून मान हलवत असणार,
नाही म्हणून.

तिसरं पत्र चार ओळींचं.
नग एकशे दहा.
दर मान्य. सगळे. आगाऊ रक्कम सोबत.
गरज पडल्यास हे दोन शब्द नव्हते,
तिथं तारीख होती.
दुरुस्ती एकच सुचवलेली:
तीस दिवसांची ओळ काढा.

कँटीनमधल्या टीव्हीवर त्याच दुपारी
निळ्या टायवाला कुणी मोठा माणूस सांगत होता,
अद्याप कोणताही निर्णय झालेला नाही.
रोवेनानं आवाज बारीक केला. डाळ वाढली.
मी ओळ काढली.

रात्री चाचणी. एकशे दहा यंत्रं एकदम सुरू,
सगळं आवार घशातल्या घशात घुमत होतं.
काटा उतरत उतरत चारावर येऊन थांबला.
नोंद करायला आत गेलो, तर कसं कुणास ठाऊक,
खालच्या फळीवर आडवा झालो.
मी पाच फूट चार इंच.
पायांपुढे दीड वीत उरते.

कुठल्या उंच पोरांचं माप आहे हे?
त्यांच्या घरी दारांच्या चौकटीवर
पेन्सिलीच्या रेघा असतील, वाढदिवसागणिक एक.
आणि पाण्यापलीकडच्या किनाऱ्यावर
माझ्यासारखाच कुणी, फारसीत आकडे मांडणारा,
त्याच्या फळ्या किती फुटी?
का त्याला पत्र लिहायचं कुणाला सुचलंच नाही?

थंकाचननं बाहेरून पत्र्यावर थाप मारली,
आहेस का आत?
आलो, म्हटलं.
वहीत लिहिलं: कंटेनर सत्तेचाळीस,
तापमान बरोबर, मोरी मोकळी,
दिवा लागत नाही.